काळीज काट्यावर असताना मध्यंतर

लोक बाहेर पडत होते आणि मी ऑफिसच्या खिडकीतून पार्किंगकडे पाहत होतो. मध्यंतरात माणूस कॅन्टीनकडे वळला तर ठीक, मुतारीकडे वळला तरी ठीक. तो पार्किंगकडे वळला आणि त्याने गाडीला किक मारली, की थिएटरचा मॅनेजर बुडालेला गल्ला मोजायला लागतो. त्या शुक्रवारी पहिल्याच शोला जवळपास अर्धं थिएटर गाड्या काढत होतं.

"सर, मास वॉकआउट," मागून निनाद म्हणाला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि तो खिडकीतून व्हिडिओ घेत होता.

निनाद म्हणजे आमच्या मालकांचा, शेठजींचा पुतण्या. पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आला होता आणि आमच्या थिएटरला 'प्रॉपर्टी' म्हणायचा. थिएटर नागपुरात, सक्करदऱ्याच्या पुढे आहे. एकच पडदा, जुन्या खुर्च्या, आवाज मात्र नवा. तिथे मी बरीच वर्षं मॅनेजर आहे. या नोकरीत माझ्या हातात खरी सत्ता एकच, ती म्हणजे बुकिंग. बुकिंग म्हणजे तिकीटविक्री नव्हे. येत्या शुक्रवारी कोणता सिनेमा लावायचा, हे ठरवणं म्हणजे बुकिंग.

त्या आठवड्यात दोन सिनेमे होते. एक मोठ्या हिंदी नटाचा, जो गावातल्या प्रत्येक मल्टिप्लेक्सला लागणार होता. दुसरा इजिप्तच्या देवादिकांवरचा, इंग्रजीतून हिंदीत डब केलेला. मी दुसरा घेतला. हिशोब सरळ होता. जो सिनेमा सगळीकडे एसीत बसून दिसतो, तो पाहायला आमच्याकडे कोण येणार? आणि ज्यांना टीव्हीवर पौराणिक मालिका चालतात, त्यांना परदेशी देव का चालू नयेत?

आमच्या शेठजींनी पोस्टर पाहिलं. "देव समजतो मी. पण हा कोल्ह्याच्या तोंडाचा देव चालन का आपल्या इकडे?"

"आपल्याकडे सोंडेचे आहेत, शेठजी. लोकांना कधी अडचण आली नाही."

शेठजी हसले, पण अट घातलीच. पहिला शनिवार-रविवार भरून निघाला तर बुकिंग माझ्याकडे. सिनेमा पडला तर पुढच्या शुक्रवारपासून बुकिंग निनाद बघणार. निनादकडे त्यासाठी एक ॲप होतं. ते आकडे पाहून सिनेमा सुचवायचं. सिनेमा पाहायची गरज नसायची.

तोवर निनादने पब्लिसिटी हातात घेतली होती. लॉबीत त्याने त्या कोल्हामुख देवाचा भला थोरला फायबरचा पुतळा उभा केला. उद्घाटनाला फीत, समई आणि एक मुख्य पाहुणे. पाहुण्यांनी भाषणात नाईल आणि कन्हान यांच्यातला समान धागा शोधला. तो असा, की दोन्ही नद्या आहेत. टाळ्या पडल्या. शेठजींनी दर शुक्रवारप्रमाणे नारळ फोडला, फक्त या खेपेला पुतळ्याच्या पायाशी. कोणीतरी अगरबत्तीही लावून गेलं.

आणि आता त्याच पुतळ्याला वळसा घालून लोक घरी चालले होते.

फोन वाजला. मुंबईहून वितरकाच्या ऑफिसातले भसीन साहेब. निनादचा व्हिडिओ त्यांच्याकडे माझ्याआधी पोचला होता.

"क्या रिपोर्ट है, मॅनेजर साब? पब्लिक भाग रही है?"

"अजून विचारलं नाही मी कोणाला."

"पूछना क्या है, दिख रहा है! मंडे को उतार देता हूँ. दुसरं काहीतरी लावून टाका."

सिनेमा उतरवणं म्हणजे आठवडा पुरा व्हायच्या आत काढून घेणं. मी "बघतो" म्हणालो आणि खाली गेलो. लोक पळत होते हे दिसत होतं. का पळत होते, ते खिडकीतून दिसत नव्हतं.

गेटजवळ रेवतकर भेटले. काटोलचे संत्र्यांचे व्यापारी. कामासाठी नागपूरला आले की पहिला शो पाहून बसने परत जायचे. खांद्याला पिशवी अडकवून ते झपाझप निघाले होते.

"काय रेवतकर, नाही आवडला?"

"आवडला नं! काहून?"

"मग निघाले कुठे?"

"घरी. संपला नं पिक्चर."

मी त्यांची वाट अडवली. "अहो, अर्धा बाकी आहे."

"काय बाकी हाय?" ते माझ्यावरच उखडले. "बाई मेली, तिचा न्याय झाला, नवऱ्याले भेटली. आता काय बाकी हाय?"

"पोरगा बाकी आहे! वेतात लपवलेला."

रेवतकरांचा चेहरा बदलला. पोरगा ते साफ विसरले होते. "अरे हो गा. तो राह्यलाच." एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "माही बस जाईन. जाऊ द्या." आणि ते आत पळाले.

बाजूला एक बाई मुलाला मधे बसवून नवऱ्याच्या गाडीवर बसत होत्या. त्यांना विचारलं. "छान होता," त्या म्हणाल्या, "लहान होता, पण छान." त्यांनाही आत पाठवलं. तोवर बरेच जण निघून गेले होते, आणि सगळे खूश होऊन गेले होते. हा धंदा करताना मी नाराज होऊन उठून गेलेले लोक भरपूर पाहिले होते. समाधानाने उठून गेलेले पहिल्यांदाच पाहत होतो.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं. तिकडे लोक बसले की सलग बसतात. आपल्याकडे मध्यंतर नसेल तर कॅन्टीन बसेल. म्हणून असा सिनेमा आला की तो कुठे थांबवायचा, ते वितरकाचं ऑफिस मेलने कळवतं. त्याला इंटर्व्हल पॉइंट म्हणतात. सिनेमा आता रिळांवर येत नाही. तो कॉम्प्युटरच्या फाइलसारखा येतो. त्या फाइलमधलं काही कापता येत नाही, जोडता येत नाही. पण अमुक ठिकाणी थांब, दिवे लाव, पाटी दाखव आणि पुढे चालू हो, एवढं प्रोजेक्शन रूममधून सांगता येतं.

पहिला शो सुटल्यावर आमचे ऑपरेटर मेश्राम यांनी रिकाम्या थिएटरात तो भाग पुन्हा लावला. मी मधल्या रांगेत बसलो.

गोष्ट अशी होती. नदीकाठचं राज्य. धाकटा भाऊ गादीसाठी थोरल्याला मारतो. राणी मुलाला वेतात लपवते आणि दिराच्या तोंडावर शपथेवर खोटं सांगते, की पोर मेलं. मग तीही मरते. परलोकात तिचं काळीज तराजूच्या एका पारड्यात ठेवतात, दुसऱ्यात पक्ष्याचं एक पीस. काळीज जड भरलं तर शेजारी बसलेला मगरतोंड्या प्राणी ते खाणार. पारडी खालीवर होतात आणि शेवटी समान येतात. कोल्हामुख देव मान लववतो. दार उघडतं, पलीकडे सोनेरी पीक, त्यात तिचा नवरा उभा. दोघं भेटतात. संगीत चढतं, सूर्य उगवतो, पडदा काळा होतो.

तिथे मध्यंतर. वितरकाच्या ऑफिसने सिनेमाची लांबी घेतली होती आणि बरोबर दोन भाग केले होते.

दिवे लागले आणि पडद्यावर पाटी आली. पाटीवर 'मध्यंतर' हा शब्दच नव्हता. निनादने ती जागा एका मंगल लॉनला विकली होती. हार घातलेलं जोडपं, वर लॉनचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'धन्यवाद! आपल्या आनंदात आमची आठवण ठेवा.' ताटातूट झालेले नवरा-बायको भेटले, सूर्य उगवला, लग्नाचा लॉन आला आणि आभारही मानून झाले. सिनेमाचा इतका सुसंगत शेवट मी क्वचित पाहिला आहे. त्या जागी मी असतो तर मीही गाडी काढली असती.

भसीन साहेबांना फोन लावला. पॉइंट जरा अलीकडे घ्यायची परवानगी मागितली.

"नहीं होगा. पॉइंट वरून अप्रूव्ह होतो."

"वरून म्हणजे?"

"लंडन."

"लंडनला तर मध्यंतर होतच नाही, साहेब."

"इसीलिए तो वो न्यूट्रल हैं."

मी फोन ठेवून प्रोजेक्शन रूममध्ये गेलो.

मेश्राम शांतपणे चहा पीत होते. "सर, पिक्चरले आपण हातच नाही लावून राह्यलो. कुठं थांबाचं तेवढं सांगा."

"भसीनला कळलं तर पुढचे सिनेमे द्यायचा नाही तो."

"आणि हा पडला तं पुढचे सिनेमे तुम्ही मागणारच नाही. ते ॲप मागन."

मुद्दा बिनतोड होता. मग आमचा वाद झाला, तो कुठे थांबायचं यावर. मी म्हणत होतो, काळीज पारड्यात ठेवलं की थांबू. मेश्राम म्हणाले, "नाही सर. ठेवल्यावर काही होत नाही. ते खाली जाऊ द्या. जड भरून राह्यलं असं वाटलं पाह्यजे. मंग तो कोल्हा मगरीकडे पाह्यते. तिथं थांबवा." आम्ही तो क्षण पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. कोल्ह्याची मान वळली की अंधार. त्यावर काळ्या पाटीवर पांढरं, मोठं 'मध्यंतर'. लॉनची जाहिरात त्यानंतर.

निनाद धावत आला. "सर, लॉनवाल्यांशी कमिटमेंट आहे. आधी ते दाखवायचं ठरलंय."

"दाखवू. पण आधी लोकांना थांबू दे. रिकाम्या खुर्च्या लग्नाला येत नाहीत."

तीनचा शो सुरू झाला. सकाळच्या समाधानी लोकांनी शेजारीपाजारी 'चांगला आहे, लवकर सुटतो' असं सांगितलं असावं, कारण गर्दी बऱ्यापैकी होती. मी दाराआड उभा राहिलो. भाऊ भावाला मारतो तेव्हा मागून आवाज आला, "सातबारा पाहा आधी!" थिएटर हसलं. निनादने कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, लोक टिंगल करताहेत. मला वाटलं, लोकांना गोष्ट कळते आहे. मुख्य पाहुण्यांना नाईल आणि कन्हान जोडता आली नव्हती, ती या माणसाने तीन शब्दांत जोडली.

काळीज पारड्यात ठेवलं गेलं. हसणं थांबलं. पारडं खाली जाऊ लागलं. कोल्ह्याने मान वळवली आणि मेश्रामांनी दिवे लावले.

"अबे! लाइट काहून लावले बे?"

शिव्या पडल्या. तोंडावर पडलेल्या शिव्या ऐकून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

पार्किंगकडे कोणी गेलं नाही. सगळे कॅन्टीनला आले आणि भांडायला लागले.

"खोटी शपथ घेतली तिनं. जड भरणारच," एक पोरगेला वकील समोसा हातात धरून म्हणाला.

"पोरासाठी घेतली नं वं बाई," एक आजी त्याला सोडून शेजारच्या बाईंनाच सांगायला लागल्या. "पोरासाठी खोटं बोललं तं ते खोटं असते का?"

"आजी, काट्याले काय समजते, पोर कोणाचं?"

या सगळ्यांच्या मधोमध रेवतकर उभे होते. सिनेमा पुरा पाहून झाला होता, पहिली बस गेली होती, दुसरीला वेळ होता. त्यांना निकाल माहीत होता आणि ते सांगत नव्हते. मला वाटतं, त्या दिवशी नागपुरात त्यांच्याएवढा सुखी माणूस नसेल.

"तुम्ही सांगा, भाऊ. काट्याचं काम तुमचं," कॅन्टीनवाल्याने त्यांना डिवचलं.

"मी एवढंच सांगतो," रेवतकर म्हणाले, "मालाच्या विरुद्ध पीस ठेवते म्हणजे ग्राहक डांबीस हाय. पण काटा सरळ हाय. आत जाऊन पाहा."

घंटा व्हायच्या आत थिएटर भरलं. निकाल लागला, तेव्हा त्या आजींनी टाळी वाजवली आणि मागे वळून वकिलाला शोधलं. पोराची काकाशी लढाई नंतरच्या अर्ध्या भागात होती. ती लांबली. देव उडाले, सोन्याच्या इमारती पडल्या आणि लोकांनी थोडा वेळ मोबाइल पाहिले. सिनेमात चकाकी जास्त आणि जीव कमी, असं समीक्षकांनी लिहिलं होतं. त्या भागापुरतं ते खरं होतं. पण पोरगा गादीवर बसेपर्यंत उठलं कोणी नाही.

शनिवार-रविवार भरून गेले. सोमवारी भसीन साहेबांचा फोन आला.

"नागपूर में क्या किया आपने?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "लिख के मत भेजना." सिनेमा उतरला नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या ऑफिसचा सगळ्या थिएटरांना मेल आला. सुधारित इंटर्व्हल पॉइंट, 'ऑडियन्स रिसर्चच्या आधारे'. पॉइंट आमचाच होता, कोल्ह्याच्या मानेपर्यंत. रिसर्च समोसे खाऊन घरी गेला होता.

शेठजींनी शब्द पाळला. बुकिंग माझ्याकडे राहिलं. निनादकडे जाहिराती राहिल्या. त्याने नवी पाटी केली, तिच्यात 'मध्यंतर' हा शब्द लॉनच्या नावापेक्षा मोठा आहे. पोरगा शिकतो आहे. मीही एक गोष्ट बदलली. मध्यंतरात आता मी ऑफिसात बसत नाही, पार्किंगमध्ये उभा राहतो. जाणाऱ्या माणसाला विचारतो. उठून जाणारा प्रत्येक माणूस रागावलेला असतो, हे फक्त वरच्या खिडकीतून वाटतं.

दुसऱ्या आठवड्यात रेवतकर पुन्हा आले, बायकोला घेऊन. सिनेमा पहिल्यापासून पाहिला. शेवटी नावं वर सरकायला लागली, दिवे लागले, लोक उठले. ते दोघं तसेच बसून. बाई पिशवी उचलून उभ्या राहायला लागल्या, तसं रेवतकरांनी त्यांना हाताने खाली बसवलं.

"थांब वं. मागच्या खेपेले असाच उठलो होतो." मग त्यांनी दारात मला पाहिलं आणि रिकाम्या होत चाललेल्या थिएटरातून ओरडले, "मॅनेजरसाहेब, आता खरंच संपला नं?"

"संपला," मी म्हणालो.

त्यांनी पडद्याकडे आणखी एकदा पाहून घेतलं, आणि मगच उठले.