वाचू नको, फोटो हलतोय

मित्रांनो, आज वर्गात माझ्या तोंडून जे निघालं, ते सांगायचीही लाज वाटतेय.

सकाळीच केंद्रप्रमुख साहेबांचा फोन आला, "वाचन उपक्रमाचे फोटो लगेच ग्रुपवर टाका." पाटोद्याजवळची आमची दोन शिक्षकांची शाळा. मी तिसरीच्या पोरांना पुस्तकं देऊन ओळीत बसवलं.

वर्षभर तोंड न उघडलेली राधा अचानक शब्दांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. आणि मी खेकसलो, "वाचू नको! फोटो हलतोय."

तिनं शब्दांवरचं बोट काढून घेतलं. फोटो ग्रुपवर गेला, खाली साहेबांचा शाबासकीचा अंगठा आला.

मग मी तिच्याजवळ बसलो. "आता वाच, बाळा."

"न्हाई सर, मला येत न्हाई."

नोकरी सोडावी असं आधीही वाटायचं, पण तेव्हा राग वरच्यांचा असायचा. आज स्वतःचाच येतोय. उद्या तिला काय म्हणू?