चिंचवडच्या शेडच्या दारात

माझ्या थोरल्या भावाने मला फसवलं. हे ग्रुपवर आधीच सांगून टाकतो. चिंचवडच्या आमच्या शेडमधलं अण्णांचं लेथ मशीन मी डिसेंबरमध्ये येईपर्यंत हलवायचं नाही, असा शब्द दादाने मला फोनवर दिला होता. आणि त्याने ते मला न सांगता विकलं. पैशाचं सोडा, ते सगळे त्यालाच राहू देत. पण अण्णा, म्हणजे आमचे वडील, ऐंशीच्या घरात आहेत. आता काम होत नाही, तरी रोज सकाळी त्या मशीनपाशी जाऊन बसायचे. मीही दहावीनंतर त्याच मशीनवर शिकलो, मग डिप्लोमा केला, आणि आज सिंगापूरला जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटचं परचेस बघतो. भाव करताना समोरच्याला घाम फोडतो. अशा माणसाचा पुढे सांगतोय तसल्या गोष्टींवर विश्वास नसतो... माझाही नव्हता.

माझी मुलगी इरा सोळा वर्षांची आहे. शनिवारी दुपारी ईस्ट कोस्टला तिच्या मैत्रिणीच्या कॉन्डोत, खालच्या फंक्शन रूममध्ये, चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. कागद, फासे आणि बोलणं, एवढंच. केदार नावाचा दादरचा मुलगा इथे पोस्टडॉक करतो, तो गोष्ट चालवतो. बाकीचे आपापलं पात्र. "पप्पा, यू ऑलवेज अँग्री. कम प्ले लाह," म्हणत इराने मला ओढून नेलं आणि एक चिडका मांत्रिक माझ्या गळ्यात बांधला.

त्या शनिवारी आम्हाला एका किल्ल्याच्या आत काय आहे ते बघायचं होतं. माझ्या मांत्रिकाकडे 'दूरदृष्टी' नावाचा मंत्र होता. दिवसातून एकदाच, आणि तोही टेबलावरच्या घड्याळातली वाळू संपेपर्यंत, म्हणजे एक मिनिट. मी मंत्र टाकला.

"काका, नाही चालणार," केदार म्हणाला. "स्वतः पाहिलेली जागाच दिसते. हा किल्ला तुम्ही पाहिलेला नाही."

"लांबून पाहिलाय की! निम्मं दाखव."

"निम्मं नसतं काका. पाहिलेली कुठलीही जागा सांगा."

"पप्पा, तू भाजी घ्यायला नाही आलायस," इरा म्हणाली. सगळे हसले. माझं डोकं फिरलं. माझ्या पात्राच्या कागदावर इराने बापाचा धंदा 'लोहार' लिहिला होता.

"मग माझ्या बापाची लोहारशाळा दाखव. घे!"

केदारने घड्याळ उलटं केलं. फासा टाकला. आणि बोलायला लागला... "पत्र्याची शेड आहे. आत काही नाही. कोब्यातून चार बोल्ट वर आलेत, भोवती तेलाचा काळा डाग. एक म्हातारा उकिडवा बसून त्यातल्या एका बोल्टवरची माती बोटाने पुसतोय. शेजारी एक माणूस पाठमोरा उभा आहे."

"लोहाराकडे बोल्ट कुठले रे? ऐरण सांग, भाता सांग."

"सुचलं ते बोललो. म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. 'आलास का रे?' म्हणतोय. बोला काका, काय उत्तर देता?"

उत्तर कसलं! मंत्र असा फुकट जाणार असेल तर किल्ल्यासाठी परत वापरू दे, म्हणून मी हातवारे करत केदारशी घासाघीस करत राहिलो. वाळू संपली. तेव्हा इथे तीन वाजले होते, म्हणजे चिंचवडला साडेबारा.

दुसऱ्या दिवशी रविवारचा नेहमीचा फोन केला. सहज म्हणून मशीनचं विचारलं.

"आहे की जागेवर," दादा म्हणाला.

तेवढ्यात अण्णांनी फोन घेतला. "मशीन काल गेलं, सुधीर. आणि तू आलास तो न बोलताच गेलास?"

"अण्णा, मी सिंगापूरला आहे."

"मग दारात कोण होतं? मी 'आलास का रे' म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. हातवारे करून कुणाशी तरी भांडत होतास."

दादाने फोन परत घेतला. "ऐकलंस ना? हे असं चाललंय. भास होतात त्यांना. यापुढे शेडच्या कागदांवर त्यांची सही कशाला घ्यायची? मीच बघतो सगळं."

मी सोमवारी केदारला गाठलं. त्याने वही उघडून दाखवली. त्यात लोहार नव्हता, शेडही नव्हती. लेथचं मशीन त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. इरा चिंचवडला शेवटची गेली ती सात वर्षांची असताना. समजा, बोल्टचं तिने कधी सांगितलं असेल. पण मशीन त्याच दिवशी उचललं, हे टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. ह्याचा उलगडा मला झालेला नाही, आणि होईल असं वाटत नाही.

पण एवढं नक्की सांगतो — अण्णांचं डोकं ठिकाणावर आहे. ते जे म्हणाले ते पाच माणसांनी इथे आपल्या कानांनी ऐकलंय. घरात त्यांना वेडं ठरवून त्यांचा शब्द काढून घेणं मी चालू देणार नाही.

परवा दादा बाहेर गेलेला असताना अण्णांनी मला फोन केला. हळू आवाजात म्हणाले, "तुझा दादाही वळला होता रे. दाराकडे बघून दचकला. आणि आम्ही दोघं आत असताना, भर दुपारी, त्याने शटर खाली ओढलं."

दादा, तू हा ग्रुप वाचतोस, मला माहीत आहे. फोन उचलत नाहीस, म्हणून सगळ्यांसमोर विचारतो. अण्णांना भास झाला म्हणतोस ना? मग तुला दारात कोण दिसलं? शटर कोणावर ओढलंस? उत्तर दे.