झिऱ्यावरचा दगड

सातपुड्यातल्या पायवाटांचं माझं नकाशापुस्तक शर्टाच्या खिशात मावतं. चालणाऱ्याला ओझं नको म्हणून त्यातली वाक्यं मी मोजून छाटली होती.

वाट आखताना मला तिथली एक बाई भेटली होती. नाल्यातला झिरा दाखवून, त्यावर दगड सरकवत म्हणाली होती, "पानी पिधं का दगड ठेवी देजो, भाऊ." झिऱ्याची खूण मी नकाशात केली. दगडाचं वाक्य जागेसाठी काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात शिरपूरहून पुन्हा गेलो, तर झिरा उघडा पडलेला. पाण्यावर साबणाचा फेस, शाम्पूच्या पुड्या. ती ओंजळीने गाळ उपसत होती. उपसून झाल्यावर हात पदराला पुसून, नवं पाणी झिरपायची वाट बघत बसली. मला तिने ओळखलं नाही. हातातलं पुस्तक तेवढं ओळखलं; येणाऱ्या सगळ्यांच्या हातात तिने तेच पाहिलं होतं.

"बठ्ठासना हातमा हाईच पुस्तक ऱ्हास. आमना झिरा त्यासले कोनी दखाडा, भाऊ?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

पाणी निवळायला तासभर लागला. हंडा तसाच रिकामा ठेवून तिने पहिला तांब्या माझ्यापुढे धरला. मी पाणी प्यायलो.