माझे वडील, तिच्या आवाजात

"खाली बस. ऋतुजा वाचेल," सर म्हणाले आणि माझ्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला.

बारामतीत आमच्या कॉलेजचा शेतकरी मेळावा होता. भाषण माझं होतं. शेळगावातल्या आमच्या दोडक्याच्या मांडवाविषयी लिहिलेलं. माईकसमोर गेले आणि जीभ टाळूला चिकटली. पाठ केलेलं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना. पाहुणे घड्याळ बघत होते.

ऋतुजा माझ्याच वर्गातली. साखर कारखान्याच्या एका संचालकांची मुलगी.

"माझे वडील," ती वाचू लागली, "मांडवाखाली सकाळी वाकतात, ते दुपारीच ताठ होतात."

टाळ्या. बाप माझा, टाळ्या तिला. तिचा आवाज ओरबाडून घ्यावासा वाटला.

तात्या, माझे वडील, एसटी चुकल्यामुळं उशिरा पोचले होते. बाहेर पडताना म्हणाले, "लय ग्वाड बोलली पोरगी. तिच्या बापाचाबी दोडकाच हाय व्हय?"

मी व्हय म्हणाले.

पुढं एकदा ऋतुजाच बोलली. तिचंही काळीज धडधडतं, हात गार पडतात. "पण पप्पांच्या सभेत लहानपणापासून स्वागत मीच करते. चुकले तरी लोक टाळ्या वाजवतात."

तोवर मला वाटायचं, ही भीती आमच्या रक्तातच आहे. खोटं होतं ते. धोका वाटला की कुणाचंही शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, तोंड सुकतं. तिच्या शरीराला एवढंच माहीत होतं, की समोरची माणसं चावत नाहीत. माझ्या शरीराला ते कळायची संधीच कुणी दिली नव्हती. मोठ्यांपुढं गप्प बसायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं.

पुढच्या मेळाव्याआधी सर म्हणाले, "तू लिही, ती बोलेल."

सरांचे उपकार आहेत. वसतिगृहात जागा त्यांनीच मिळवून दिली. तरी मी म्हणाले, "मीच बोलणार, सर. अडकले तर थांबा."

"पाहुणे थांबतील का?"

"संचालकांसाठी थांबतातच की."

मेळाव्यात मीच बोलले. दोनदा अडकले. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. माझा श्वास परत येईपर्यंत मी तशीच उभी राहिले.

ऋतुजाचा हेवा आजही वाटतो. तो मी सोडणार नाही. तिचा आवाज नको मला. तिला चुकत शिकायला मिळालेली ती सगळी वर्षं हवीत. ती मी वसूल करणार. थरथरत, अडखळत, मोठमोठ्या पाहुण्यांचा खोळंबा करून.