आईला आसामात पोचवलं तेव्हा

धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. तिचा नवरा फौजेत, नेमणूक आसामात, सासू अंथरुणाला खिळलेली. बाळंतपणाला आई हवी होती आणि आईला पोचवायला मी. मी शिकवते त्या धाड गावच्या शाळेतून दहा दिवसांची रजा कशीबशी मिळवली. एसटीनं मलकापूर गाठलं, तर गाडी चार तास लेट. आई रेल्वेनं शेगावच्या पुढं कधी गेली नव्हती.

नागपूर मागं पडल्यावर तिनं विचारलं, "आता किती राह्यलं?"

"माय, आत्ता कुठं नागपूर गेलं. उद्या हावडा, मंग दुसरी गाडी."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. "एवढ्या लांब काऊन देल्ली आपन तिले?"

स्थळ मीच आणलं होतं.

संडासला जायला लागू नये म्हणून आई पाणी पीत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजले. ते मांडीवर घेऊन मी बसले, तर माझीच कंबर धरली. हावड्याला फलाटावर चादर अंथरून सहा तास काढले. मग पुन्हा गाडी, पुन्हा तेच डबे, तोच चहा.

क्वार्टरच्या दारात बहीण पोट सावरत उभी होती. आई सुजल्या पायांनी तिच्याकडं धावली. मी चपला काढायला म्हणून पलंगावर टेकले, त्यानंतरचं काही आठवत नाही. जाग आली तेव्हा बहीण माझ्या पायांना तेल चोळत होती.

"अवं, तुयं कराले आलो न आम्ही!"

"मायं कराले माय हाये. तू पडून राह्य, ताई."

मला रडू आलं. तिनं पाहिलं आणि तेल चोळतच राहिली.

तीन दिवसांनी मी एकटीच परत निघाले. हावड्याहून गाडी बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी रायपूरच्या अलीकडं गाडी रानात थांबली असताना फोन वाजला. "झालं बाई! मोकळी झाली थे!" आई ओरडली. "काय झालं?" म्हणेपर्यंत फोन कटला. रेंज गेली होती.

समोरच्या बाईंना मी सांगितलं. त्यांनी हिंदीतून विचारलं, "बेटा कि बेटी?"

"पता नहीं."

त्या मोठ्यानं हसल्या, पिशवीतले मुरमुरे कागदावर ओतले आणि कागद माझ्याकडं सरकवला. आम्ही दोघींनी ते संपवले. मग मला झोप लागली. गोंदियाला उठले तेव्हा त्या उतरून गेल्या होत्या आणि फोनवर बहिणीच्या नवऱ्याचा निरोप होता: मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.

घरी पोचले तेव्हा पाय टेकवत नव्हते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला खुर्चीत बसूनच हजेरी घेतली.