बांधीत पडलेला गोळा

आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, संपला की शेवटच्या दिवशी बाया एकमेकींना चिखल फासतात. ज्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, त्या मालकालाही सोडत नाहीत. त्या वर्षी नेमक्या त्याच पहाटे दवनीवाड्याकडच्या आमच्या बांधीत आभाळातून एक गोळा पडला. पाणी तापवायच्या मोठ्या गंजाएवढा, काळा, अंगावर जळके धागे. फुटक्या तोंडातून काहीतरी पाझरून भोवतीच्या पाण्यावर तवंग आला होता.

मोठी बहीण तेव्हा पोटुशी, माहेरी आलेली. आमची शिदोरी घेऊन ती शेतावर आली आणि गोळ्याला हात लावून बघितला. मग त्याच्या बुडातलाच चिखल उचलून आईच्या गालाला फासला, स्वतःच्याही. "आभायातून आलं हाय, चांगलंच असन," म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो.

गावातून कोणीतरी कळवलं, तशी दुपारी सरकारी गाडी आली. हातमोजे घातलेला, तोंडाला मास्क लावलेला एक साहेब उतरला. रॉकेटच्या टाकीचा तुकडा आहे म्हणाला. कोणत्या देशाचा, आत काय होतं, ते सांगता येत नव्हतं. "भिऊ नका. कोणी हात लावला का?"

पोलिसांचं लचांड नको म्हणून बाया खाली बघू लागल्या. मला राहवलं नाही. "माझ्या बहिणीने लावला. ती पोटुशी आहे."

साहेब तिच्यापासून मागे सरकला.

आईने मात्र त्याला सोडलं नाही. "साहेब, भेव नाही म्हणता, मंग मांगं काऊन सरकून राहिले?"

"तपासून कळवतो," एवढंच तो म्हणाला. गोळा पोत्यात भरून नेला. बांधीतलं पाणी कोणी नेलं नाही. वर सोडणाऱ्यांना खाली माणसं राहतात हे माहीत नसतं का, या विचाराने माझं डोकं अजून तापतं.

गोंदियातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत काय होतं तेच ठाऊक नाही, तर मी काय सांगू? पुढचे महिने आम्ही जीव मुठीत धरून काढले. बाळ झालं तेव्हा बहिणीने डोळे गच्च मिटले आणि मला म्हणाली, "आधी तू पाय, कसं हाय ते."

मुलगी धडधाकट होती. आता शाळेत जाते. पण तिला साधा ताप आला तरी बहिणीचा मला फोन येतो.

"त्याईनं कायी कळवलं का वो?"

मी नाही म्हणते. ती मुलीला दवाखान्यात नेते, आणि तिथे काय सांगावं ते तिला कळत नाही.