जमिनीला कान लावणारे काका

नव्या मुंबईत पाणी पिणारी माणसं लाखांनी असतील, पण पाण्याचं ऐकून घेणारा माणूस एकच आहे आणि तो आमच्या सोसायटीच्या बी-विंगमध्ये राहतो. त्यांना सगळे नुसतं काका म्हणतात. मूळचे साताऱ्याकडचे. अख्खी नोकरी पाणीखात्यात, जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधण्यात गेली. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खाली पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना सळई खात्यात जमा झाली. कान जमा करून घ्यायची सोय नव्हती, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला.

जिन्यात भेटले तर काका आपल्याशी बोलत नाहीत, आधी भिंतीतल्या पाइपाशी बोलून घेतात. डोळे मिटून, गाल भिंतीला चिकटवून उभे असतात. नवा भाडेकरू दचकून परत लिफ्टमध्ये शिरतो. पाणी प्यायचं तर पेला आधी उजेडात धरणार, मग हुंगणार, मग घोट तोंडात इतका वेळ घोळवणार की यजमानाने फिल्टर कधी बदलला ते आठवत बसावं. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी असाच घोट घेतला आणि पेला हळूच खाली ठेवला. म्हणाले, "टाकीत कायतरी निजलंय."

गच्चीवरची टाकी उघडली. तळाशी एक कबूतर पंख पसरून पडलं होतं, अगदी झोपल्यासारखं. त्या दिवशी तीर्थ कोणीच घेतलं नाही, भटजींनीसुद्धा. तेव्हापासून माझी बायको पाणी दोनदा उकळते आणि काकांच्या नजरेला नजर देत नाही.

अशा माणसाला आमच्या सोसायटीने ठरवलेल्या स्वच्छ पाण्यासाठीच्या रिले धावेतून वगळणार कसं? खांदेश्वर स्टेशनपासून सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत सहा जणांनी टप्प्याटप्प्याने धावायचं, हातात दांडीऐवजी शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली. शेवटी सारसोळे गावात छोटासा कार्यक्रम, आणि गावच्या नळाचं पाणी सगळ्यांनी मिळून प्यायचं. वयाची सत्तरी जवळ आलेल्या काकांनी पाचवा टप्पा मागून घेतला. सहावा माझा.

जानेवारीतली सकाळ होती. पाम बीच रस्त्यावर खाडीकडून धुकं चढलं होतं. खारफुटी दिसत नव्हती, नुसता तिचा वास येत होता. मी ठरलेल्या सिग्नलपाशी उभा होतो. धुक्यातून आधी बुटांचा आवाज आला, मग काका आले, आणि माझ्यापासून शंभरेक पावलांवर एकदम थांबले. गुडघे टेकले. मग पालथे होऊन त्यांनी कडेच्या फूटपाथला कान लावला. मला वाटलं, माणूस गेला. धावत पोचलो.

"गप," ते म्हणाले. "ऐक."

मीही कान टेकवला. आधी नुसती गार फरशी. मग खोलवर सुस्कारल्यासारखं काहीतरी. आणि मग स्पष्ट, लोखंडावर लोखंड आपटावं तसे तीन ठोके. थोडी शांतता. पुन्हा तीन. मी झटकन कान काढला.

"कोण आहे खाली?"

"माझा जोडीदार," काका म्हणाले, जणू कोणी चहाला बोलावलंय. "बावीस वर्सं आमी संगट काम केलं. ह्या टोकाला मी, त्या टोकाला तो. गळती घावली की तीन टोले द्यायचा. सारसोळ्याचाच हुता."

"आता कुठे असतात?"

"गेला. पाच वर्सं झाली." ते उठले. बाटली माझ्या हातात कोंबली. "हितं लायनीला भोक पडलंय. शेजारनं गटार हाय, दाब कमी झाला की घाण आत वढून घेतंय. ही लायन त्याच्या गावात जाती. पळ! कुनाला नळाचं पानी पिऊ देऊ नको."

मी आयुष्यात तसा कधी धावलो नाही. सगळा वेळ वाटत होतं, रस्त्याखालून कोणीतरी माझ्या बरोबरीने येतंय. सारसोळ्यात मांडव भरला होता, कागदी पेले नळाखाली भरून मांडून झाले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, ठोक्यांचंसुद्धा. आमचे सेक्रेटरी वैतागले. "काय टेन्शन देतो यार! काकांचं डोकं फिरलंय, तुझं पण फिरलं काय? पाहुणे आलेत."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी कोळीण तेवढी उठली. "टोलं किती आयकलंस?"

"तीन."

"माजाच घरवाला हाय तो," ती म्हणाली. पुढे झाली आणि पेल्यांचं टेबल तिने दोन्ही हातांनी उलटं केलं. "कोनी पानी पियाचा नाय!"

कोणी प्यायलं नाही. तिसऱ्या दिवशी खात्याच्या लोकांनी ती जागा खणली. पाइपाला मूठ जाईल एवढं भोक, लगतच फुटलेलं गटार. गावातली कितीतरी पोरं त्या दिवशी वाचली. खणणाऱ्या मुकादमाला मी ठोक्यांचं विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "वाजवनार कोन साहेब? या लाइनीवरचा चेंबर कवाच बुजवून टाकलाय. आत मानूस शिरायला जागाच नाय."

काका हल्ली संध्याकाळी त्या जागेवर जाऊन बसतात. एकदा मीही सोबत गेलो. फूटपाथवर पालथे पडून त्यांनी बराच वेळ ऐकलं. येणारे-जाणारे वळून बघत होते. ते उठून कपडे झटकत असताना मी विचारलं, "काही ऐकू आलं?"

"पानी चाललंय. येकदम साफ." पुढे म्हणाले, "तो न्हाई आता. काम झालं, गेला आसंल घरी."

मग मला हाताला धरून रस्ता ओलांडताना, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बावीस वर्सं नुसतं त्याचं ऐकलं रं. दोन शब्द बोलायचं राहूनच गेलं."